चिंतेवरच्या गोळ्या: आधी स्ट्रिपची मागची बाजू वाचा

गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात मी फार्मासिस्ट म्हणून काउंटरला उभी असते. रक्तदाबाची, साखरेची चिठ्ठी लोक सरळ पुढे करतात. चिंतेच्या गोळीची चिठ्ठी मात्र चार घड्या घालून येते, आणि दुकानात आणखी कोणी असलं तर तो माणूस आधी बाम नाहीतर इलेक्ट्रालची पुडी मागतो, गर्दी ओसरली की मग खिशात हात घालतो. त्या घाईत मला जे सांगायचं असतं ते अर्धंच सांगून होतं. म्हणून ते इथे सविस्तर लिहिते आहे.

निदान आणि डोस हे डॉक्टरांचं काम. हे वाचून कोणीही आपला डोस कमी-जास्त करू नये. पण गोळी घरी आल्यावर ती घेणारे तुम्ही असता, आणि नेमकी तिथेच गडबड होते. लोकांना आपण कसली गोळी घेतो आहोत हेच ठाऊक नसतं. "ती पिवळी गोळी", "रात्रीची छोटी", "टेन्शनची" एवढ्यावर कारभार चालतो.

स्ट्रिप उलटी करा

मागे इंग्रजीतल्या बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव आणि किती मिलिग्रॅम ते छापलेलं असतं. चष्मा लावून वाचा, नाहीतर फार्मसीत वाचून घ्या आणि मराठीत वहीत लिहून ठेवा. चिंतेसाठी जी औषधं लिहून देतात त्यांत मुख्य प्रकार दोन.

पहिला सावकाश काम करणारा. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन ही या घरातली नावं. यांना एसएसआरआय म्हणतात. मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर यांचं काम चालतं. रोज घ्यायची, महिनोन्महिने घ्यायची, आणि दीर्घकाळच्या चिंतेवर खरा उपचार हाच.

दुसरा झटपट काम करणारा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड. हे बेन्झोडायझेपिन. एटिझोलाम थोडं वेगळं असलं तरी वागतं यांच्यासारखंच. मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन असतं, त्याचा जोर ही औषधं वाढवतात. अर्ध्या-एक तासात धडधड थांबते, जीव खाली बसतो. हा आधार थोड्या दिवसांसाठी असतो, बहुतेक वेळा दोन ते चार आठवडे.

या दोघांत गोंधळ झाला की पुढचं सगळं बिघडतं. सावकाश गोळीने आठ दिवसांत काही वाटलं नाही म्हणून लोक ती सोडतात, आणि झटपट गोळीने पहिल्याच रात्री झोप लागली म्हणून ती वर्षानुवर्षं धरून ठेवतात. माझ्या काउंटरवर मी सर्वांत जास्त वेळा पाहते ती चूक हीच.

आता जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे एकाच गोळीत दोन औषधं असलेल्या स्ट्रिप खूप खपतात. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र, एटिझोलाम आणि प्रोप्रानोलॉल एकत्र. नावापुढे 'प्लस' नाहीतर एखादं अक्षर असतं, बस्स. घेणाऱ्याला वाटतं आपण एकच साधी गोळी घेतो; प्रत्यक्षात त्यात झटपट औषधही रोज पोटात जात असतं. तसंच पोटातल्या मुरड्यासाठी मिळणाऱ्या काही गोळ्यांत क्लिडिनियमच्या जोडीला क्लोरडायझेपॉक्साइड असतं. पोटाचे डॉक्टर एक देतात, मनाचे दुसरी देतात, आणि एकाच जातीचं औषध दोन दारांनी घरात येतं. म्हणून दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे जाताना सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या.

आणखी एक: दशांश चिन्हाकडे नीट बघा. ०.२५ आणि ०.५ यांत दुपटीचा फरक आहे. दुकान बदललं, कंपनी बदलली की रंग-आकार बदलतो. आकडा तोच आहे ना, हे दुकानातच तपासा.

सावकाश गोळी: पहिले पंधरा दिवस सांभाळायचे

"ताई, आठ दिवस झाले, फरक शून्य. उलट मळमळतंय." हे वाक्य मला पाठ झालं आहे. मळमळणं, पोट सैल होणं, डोकं दुखणं, घाम, तोंड कोरडं पडणं, झोप उडणं किंवा नको तेव्हा येणं, हे पहिल्या एक-दोन आठवड्यांत होऊ शकतं आणि बहुतेकांना पुढे कमी होतं. काहींना तर सुरुवातीला बेचैनी आधीपेक्षा वाढल्यासारखी वाटते. त्रास आधी आणि आराम नंतर, असा या औषधाचा क्रम आहे. आराम जाणवायला दोन ते चार आठवडे, पुरता गुण दिसायला सहा-आठ आठवडेही लागतात. म्हणूनच डॉक्टर अर्ध्या डोसने सुरुवात करतात, आणि कधी कधी पहिल्या काही आठवड्यांसाठी झटपट गोळी जोडीला देतात.

मळमळत असेल तर गोळी जेवणावर घ्या. सकाळी घेणाऱ्यांनी पेज जेवून घ्यावी. झोप उडत असेल तर सकाळची वेळ बरी, गुंगी येत असेल तर रात्रीची. पण वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना एक फोन करा.

लैंगिक इच्छा कमी होणं, स्खलनाला उशीर, स्त्रियांना समाधान न मिळणं, हे दुष्परिणाम या औषधांत बऱ्यापैकी आढळतात आणि आपोआप जातीलच असं नाही. लोक हे कोणालाच सांगत नाहीत, गुपचूप गोळी बंद करतात. डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. यात लाजण्यासारखं काही नाही.

पंचविशीच्या आतल्या मुलामुलींकडे पहिल्या काही आठवड्यांत आणि डोस बदलताना घरच्यांनी लक्ष ठेवावं. स्वतःला इजा करण्याचे विचार, अचानक चिडचिड, रात्रभर येरझाऱ्या असं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. वयस्करांत वेगळीच काळजी. या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. म्हातारं माणूस एकाएकी सुस्त पडलं, असंबद्ध बोलू लागलं, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. रक्त तपासून घ्या.

कंबर, गुडघे दुखले की डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन स्वतःच आणून खायची सवय अनेकांना आहे. एसएसआरआयबरोबर यांनी पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रामाडोल तर डॉक्टरांना न विचारता मुळीच नको. दोन्ही मिळून सेरोटोनिन वाजवीपेक्षा वाढलं तर ताप, थरथर, घाम, जुलाब, गोंधळलेपण अशी गंभीर अवस्था होऊ शकते. त्यापेक्षा साधं पॅरासिटॅमॉल विचारा.

झटपट गोळी

मी या गोळीच्या विरोधात नाही. छाती फुटेल असं वाटत रात्री उठून बसलेल्या माणसाला तिने किती आधार मिळतो हे मी पाहिलं आहे. पॅनिकच्या झटक्यांत, सावकाश गोळी लागू पडेपर्यंतच्या दिवसांत तिचं काम तिनेच करावं. पण ती शिडी आहे, तिच्यावर घर बांधायचं नाही.

गुंगी, तोल जाणं, लक्ष न लागणं, ताजी गोष्ट न आठवणं, हात-पाय ढिले पडणं हे तिचे नेहमीचे परिणाम. अल्प्राझोलाम शरीरातून निम्मं उतरायला साधारण ११ तास लागतात, क्लोनाझेपामला ३० ते ४० तास, डायझेपामचा अंश तर दिवसेंदिवस रेंगाळतो. म्हणजे रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळी स्कूटरवर बसतानाही अंगात असतो. पहिले काही दिवस आणि डोस बदलल्यावर दुचाकी चालवू नका. कदंबा बस घ्या, घरच्या कोणाच्या तरी मागे बसा. पायलटचा, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीचा, धंदा करणाऱ्यांनी, खाणीवर ट्रक किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी, माडावर चढणाऱ्यांनी आपलं काम काय आहे ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावं. त्यावरून औषध आणि वेळ ठरते.

साठीच्या पुढच्यांना या गोळीने पडण्याचा धोका खरोखर वाढतो. आपल्याकडे पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, अंगण निसरडं होतं, आणि रात्री लघवीला उठलेलं माणूस गुंगीत पाय टाकतं. खुब्याचं हाड मोडलं की ते दुखणं चिंतेपेक्षा मोठं. रात्री मंद दिवा चालू ठेवा, खाटेवरून उठताना आधी दोन मिनिटं बसा, आणि डॉक्टरांना विचारा की ही गोळी अजून लागते का.

झोपेत घोरताना श्वास अडकतो, जुना दमा किंवा फुप्फुसाचा आजार आहे, यकृत बिघडलं आहे, काचबिंदू आहे, दारूचं व्यसन होतं किंवा आहे, यातलं काहीही असेल तर ही गोळी लिहून घेण्याआधीच सांगा. गर्भार असाल किंवा बाळाला पाजत असाल तर तेही. पण पाळी चुकली म्हणून घाबरून गोळी एकदम बंदही करू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

फक्त थरथर आणि धडधड यांसाठी प्रोप्रानोलॉल देतात. दम्याच्या माणसाला ते चालत नाही, आणि मधुमेह्याची साखर उतरली तर जी धडधड सावध करते तीच ते झाकून टाकतं.

कशाबरोबर घ्यायची नाही

दारू. इथे मी आडपडदा ठेवत नाही. मार्च-एप्रिलमध्ये काजूचा उर्राक निघतो, वर्षभर फेणी असते, लग्न, वाढदिवस, सावर्दे ते पेडणे कुठेही पेला पुढे येतो. "थोडीच घेतली" हा हिशेब बेन्झोडायझेपिनला लागू होत नाही. गोळी मेंदूला मंद करते, दारूही मंद करते. दोन्ही एकत्र झाली की झोपेत श्वास इतका मंदावतो की माणूस उठतच नाही. बेन्झोडायझेपिनच्या जोडीला कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडोल आलं की धोका तोच. सर्दीच्या गोळीतलं सेटिरिझिन, क्लोरफेनिरामिन गुंगी वाढवतं, तेवढ्यासाठी विचारून घ्या. कोणाच्या सांगण्यावरून अश्वगंधा चालू केली असेल तर तीही डॉक्टरांना सांगा.

पावसाळ्यातली एक गोष्ट मी मुद्दाम सांगते. जूननंतर ओल्या कपड्यांनी गजकर्ण, नायटे उसळतात आणि त्वचेचे डॉक्टर इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल लिहून देतात. इट्राकोनाझोल आणि अल्प्राझोलाम एकत्र चालत नाहीत. बुरशीवरचं हे औषध यकृतातला जो रस्ता अडवतं त्याच रस्त्याने अल्प्राझोलाम बाहेर पडतं. ते अडून राहतं आणि नेहमीचीच गोळी कितीतरी जड पडते. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही असंच. कातडीच्या डॉक्टरला मनाच्या गोळीचं काय सांगायचं, असं वाटून लोक गप्प राहतात. तिथे सांगायलाच हवं.

घरात गोळी कशी ठेवायची

स्ट्रिप कापून मागितली तर ज्या तुकड्यावर नाव आणि मुदत आहे तो भाग शेवटपर्यंत जपा, गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढा. गोळ्या काढून डबीत भरून ठेवू नका; आपल्या हवेत त्या ओलावा धरतात. न्हाणीघरातलं कपाट आणि चुलीजवळची फळी दोन्ही टाळा. मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा कुलपाच्या जागी ठेवा. शेजारणीला झोप येत नाही म्हणून आपल्यातली एक देणं हा उपकार नाही. तिचा दमा, तिची दुसरी औषधं तुम्हाला माहीत नसतात.

सावकाश गोळीची वेळ चुकली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या; दुसऱ्या दिवसाची वेळ आली असेल तर मागची सोडून द्या. कुठल्याही परिस्थितीत दोन एकदम नाहीत. लांब अंमलाच्या एसआर किंवा ईआर छापलेल्या गोळ्या मोडू नका, चावू नका.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी आठवडाभर साठा बघून ठेवा. त्या दिवसांत अर्धा बाजार बंद, डॉक्टर गावी गेलेले, आणि गोळी संपलेली असते.

बंद करताना

सत्तरीतल्या एक मावशी नवरा गेल्यापासून अल्प्राझोलाम घेत होत्या. कोणीतरी सांगितलं की ही व्यसनाची गोळी, म्हणून त्यांनी ती एका रात्रीत सोडली. तिसऱ्या दिवशी झोप नाही, अंगाला घाम, नारळ खवायला बसल्या तर हात थरथरून खवणीवर ठरेना. त्यांना वाटलं जुनं दुखणं परत आलं. ते दुखणं नव्हतं, गोळी एकदम तुटल्याचा परिणाम होता. काही आठवड्यांपेक्षा जास्त रोज घेतलेलं बेन्झोडायझेपिन अचानक थांबवलं तर चिंता उसळते, झोप उडते, आणि काहींना फिट येते. ती जिवावर बेतू शकते. २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या सगळ्या औषधांवर अवलंबित्वाचा आणि असं तोडल्याच्या त्रासाचा चौकटीतला इशारा छापायला लावला तो याचसाठी.

मावशींच्या डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि मग दर काही आठवड्यांनी थोडी थोडी उतरवली. त्यांनी लिहून दिलेला क्रम मी मावशींना कालनिर्णयच्या चौकोनांत पेनाने काढून दिला: पूर्ण गोळीला भरलेला गोल, अर्धीला अर्धा, पाव गोळीला चकतीचा तुकडा. घेतली की त्यावर फुली. एखाद्या टप्प्यावर त्रास झाला की डॉक्टर तिथेच थांबवत, घाई करत नसत. महिने गेले. अशा कामाला महिने द्यावेच लागतात, आणि शेवटचे छोटे टप्पे सर्वांत हळू घ्यावे लागतात.

सावकाश गोळीची तल्लफ येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. तरी तीही एकदम तोडली तर चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर ती चालू ठेवतात, मग उतरवतात. आणि दोन औषधं एकत्र असलेली गोळी घेत असाल तर लक्षात ठेवा, ती थांबवली की दोन औषधं एका वेळी थांबतात.

चिठ्ठीशिवाय का देत नाही

लोक रागावतात. "दर महिन्याला घेते, ओळखीची आहेस, तरी चिठ्ठी कसली मागतेस?" अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, झोपेचं झोलपिडेम ही शेड्युल एच-१ मध्ये आहेत. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या नियमाप्रमाणे डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं ते वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं जपावी लागते. त्या वहीतलं तुमचं नाव मी गावभर सांगत नाही. उलट तीच वही बघून मला कळतं की महिन्याची गोळी वीस दिवसांत संपली, आणि मी तुम्हाला विचारू शकते की झोप पुन्हा बिघडली का.

गोळीबरोबर बोलणं

चिठ्ठी लिहिण्याआधी थायरॉइड तपासलं का, दिवसाला किती कॉफी पोटात जाते, दम्याचा पंप किती वेळा घेता, हे डॉक्टर विचारतील. धडधड त्यानेही होते. समुपदेशनाने चिंता उतरते याचा पुरावा आपल्या गोव्यातच आहे. संगाथ या संस्थेने इथल्या आरोग्यकेंद्रांत स्थानिक माणसांना शिकवून समुपदेशक केलं, आणि नैराश्य-चिंतेच्या रुग्णांना त्याचा फायदा सरकारी केंद्रांत ठळक दिसला. ते निकाल २०१० साली 'द लॅन्सेट'मध्ये छापून आले. बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था, म्हणजे सगळे जिला आयपीएचबी म्हणतात ती, आहेच. तिथे जाणं म्हणजे वेडं ठरणं नव्हे. बांबोळीला जायला लगेच जमत नसेल तर टेलि मानसच्या १४४१६ वर दिवसरात्र फुकट बोलता येतं, मराठीतही.

हलवूनही जाग येत नाही, श्वास मंद किंवा घरघरता, ओठ निळसर, फिट, चेहरा-जीभ सुजणं, किंवा गोळ्या मूठभर घेतल्याचा संशय: १०८ ला फोन. माणसाला कुशीवर वळवा, ओकारी काढायचा प्रयत्न करू नका, लिंबूपाणी पाजू नका, स्ट्रिप घेऊन इस्पितळात जा.

आखातात किंवा जहाजावर जाणाऱ्यांसाठी: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम यांवर तिकडे कडक नियंत्रण आहे. संयुक्त अरब अमिरातीत अशी औषधं नेण्यासाठी तिथल्या सरकारची परवानगी प्रवासाआधी ऑनलाइन काढावी लागते. तिकीट हाती आलं की लगेच डॉक्टरांकडून मूळ नावाने, शिक्क्यासह, इंग्रजीत चिठ्ठी आणि आजाराचं पत्र घ्या, गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच हातातल्या बॅगेत ठेवा, आणि परवानगी मिळणार नाही असं दिसलं तर डॉक्टरांना औषध बदलायला पुरेसे आठवडे मिळतील इतक्या आधी त्यांना गाठा.